राजाच्या नाकावरचा डोंगर

भागाकाकूने उभ्या आयुष्यात चांदी वितळवली नाही. ती चांदी ‘मोकळी’ करायची. कर्जतच्या बाजारात तिच्या पडवीसमोर कुणी जुने वाळे, तुटकी सरी घेऊन उभं राहिलं आणि “काकू, एवढं वितळवून द्या,” म्हणालं, की ती तोंडातली फुंकणी काढून म्हणायची, “मोकळं करून देते. पण आदी शेवटचं बघून घ्या.” मग तो दागिना ती गिऱ्हाइकाच्याच तळहातावर ठेवायची आणि आपण शेगडीतले निखारे सारखे करत बसायची. तिला घाई नसे. बघता बघता निम्मी गिऱ्हाइकं दागिना पदरात बांधून परत जात. धंद्याच्या दृष्टीने इतकी खुळचट रीत मी दुसरीकडे पाहिली नाही.

एकदा पोशीरची एक बाई सासूचे गोठ घेऊन आली. चांगले जाडजूड, बोटाएवढे. काकूने ते तिच्या हातावर ठेवले. बाई बघत राहिली, बघत राहिली, तिचे डोळे भरून आले. काकू म्हणाली, “जीव होत नाय ना? राहू दे गं. घेऊन जा घरी.”

बाई फिस्कारली, “जीव कसला? या गोठांनीच हाणायची मला म्हातारी. हा बघा कपाळावर वण. बिगी मोकळं करा!”

काकूने हातोडी उलटी करून दांडा तिच्यापुढे धरला आणि म्हणाली, “मग पयले दोन ठोके तूच मार.”

त्या बाईने दोन नाही, सात मारले. नंतर दोघी पडवीत पाय पसरून पान खात बसल्या होत्या.

ही सगळी मजा मी भिंतीआडून ऐकत असे. आमचं बिऱ्हाड तिच्या घराला भिंतीला भिंत लागून होतं, आणि दोन पडव्यांमधली भिंत तर छातीएवढीच होती. आमचे हे कर्जत स्टेशनात तारमास्तर. मी पंधरा वर्षांची आणि माझ्या मते अख्ख्या तालुक्यातली सर्वांत विद्वान स्त्री. वडील कुलकर्णी, त्यामुळे मला बालबोध आणि मोडी दोन्ही लिप्या वाचता येत. म्हणजे बालबोध येत होती. मोडी येते असं मी सांगत असे. मोडीची अक्षरं एकमेकांच्या गळ्यात गळा घालून चालतात, तेव्हा चारांतलं एक ओळखलं की बाकीची तीन मी स्वतःच्या हिमतीवर ठरवत असे, आणि समोर वाचणारं दुसरं कुणी नसल्यामुळे मी कधी चुकले नाही. काकू मला ‘पंडितीण’ म्हणायची. मला तो मान वाटायचा. किती वर्षं वाटायचा ते विचारू नका.

काकू दिसायला काही विशेष नव्हती. ठेंगणी, कोरं कपाळ, दोन्ही मनगटांवर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग. आयुष्यभर फुंकणी फुंकून उजवा गाल डाव्यापेक्षा सैल झालेला, त्यामुळे ती गप्प असली तरी काहीतरी चघळत असल्यासारखी दिसे. सोनारीण असून स्वतः हातोडी चालवणारी बाई त्या वेळी कर्जत-खालापुरात दुसरी नव्हती. नवरा होता तोवर ती तार ओढायची, दागिन्यांना उजळा द्यायची. तो तापाने गेला. तेरावं झालं, आणि खालापूरचा दीर बैलगाडी घेऊन हत्यारं न्यायला आला, कारण बाईमाणसाला हत्यारं काय करायची? काकूने त्याला जेवू घातलं, आणि तो हात धुऊन येतो तो ही ऐरणीवर जाऊन बसलेली. “ऊठ वैनी,” तो म्हणाला. “उठवा,” ती म्हणाली. विधवा भावजयीला हात लावून उठवायचं कसं? तो दिवे लागेपर्यंत ओट्यावर बसला, मग रिकामी गाडी हाकत गेला. ही हकिगत तिने मला स्वतः सांगितली आणि वर म्हणाली, “ऐरण लई टोचते गं बसायला. तेवढं ध्यानात ठेव.”

आता मूळ गोष्टीकडे, एका गाडग्याकडे येते.

कोंडाण्याच्या लेण्यांखालच्या ठाकूरवाडीतली कमळी ही काकूची जुनी गिऱ्हाईक. कमळी आणि तिचा नवरा वाळकू वरीसाठी डोंगराचा एक तुकडा खणत होते, तिथे त्यांना गाडग्यात चांदीची नाणी लागली. हिरवी-काळी, एकमेकांना चिकटलेली. लेकीला वाळे करून हवेत म्हणून कमळी ते गाडगं फडक्यात बांधून थेट काकूकडे घेऊन आली.

काकूने एक नाणं सुटं केलं आणि रीतीप्रमाणे कमळीच्या हातावर ठेवलं. “शेवटचं बघून घे.” कमळी बघून म्हणाली, “मी काय बगू? तूच बग.” म्हणून काकूने पाहिलं. आणि पाहतच राहिली.

मी अर्थातच भिंतीवरून मान काढली होती. तिने मला बोलावलं. “ये पंडितीण. तुजं काम हाय.”

नाण्यावर एका पुरुषाचा मुखवटा होता. लांब नाक, कानात काहीतरी, डोक्याला पट्टा. पण त्या मुखवट्याच्या बरोबर मध्यावर दुसरंच चित्र ठोकलेलं होतं, तीन कमानींचा डोंगर. खाली नागमोडी रेघ. त्या डोंगराखालून राजाचं नाक बाहेर आलेलं, आणि कडेने बारीक अक्षरांची रांग. मला ते तीन मोदक नाकावर ठेवल्यासारखे दिसले, आणि तसं मी म्हणालेही.

“मोदक नाय, डोंगुर हाय,” काकू म्हणाली. “पयला छाप वेगळ्या हाताचा. वरचा वेगळ्या. कमळे, या चांदीला दोन मालक हाएत गं. काय भानगड हाय ते कळल्याबिगर मी ही मोकळी करायची नाय.”

“आनि माज्या लेकीचं वाळं?”

“करून दीन. तुजं काम पयलं. शब्द.”

कमळी हसली आणि गाडगं तिथेच ठेवून गेली. काकूने मला एक नाणं दिलं. “अक्षरं वाच. घासू-बिसू नको.”

यापुढे मी जे केलं ते लिहिताना आजही माझे कान लाल होतात, आणि मला हसूही येतं. मी घरी गेले आणि ते नाणं चिंच आणि राख लावून खसाखसा घासलं. विद्वान माणसाने कळकट नाणं वाचायचं म्हणजे काय! ते असं झळकलं की त्यात माझी नथ दिसली. मग मी ते दिव्यापाशी धरलं, सरळ धरून काही कळेना, तेव्हा उलटं धरलं, आणि तिथे मला मोडी दिसली. एक अक्षर ‘भ’सारखं होतं. उरलेली मी नेहमीप्रमाणे स्वतः ठरवली. स्वच्छ लिहिलं होतं: भागा.

काकूचं नाव! माझा आनंद पोटात मावेना. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर मी ही गोष्ट दोघींना सांगितली. फक्त दोघींना. सासूबाईंचा हंडा भरेपर्यंत ती सातजणींकडे गेली होती, आणि शेवटच्या बाईपर्यंत पोचेस्तोवर तिचं असं झालं होतं की भागा सोनारीण घरात स्वतःच्या नावाची नाणी पाडते.

दुपारी फौजदार दोन शिपायांना घेऊन आला. गाडगं नेलं, ठसे नेले, हातोड्या, चिमटे, मुशी, फुंकणी, सगळं पोत्यात भरून वर लाख लावली. दोघा शिपायांनी मिळून ऐरण उचलली. आमच्या घरातून ते चकचकीत नाणंही नेलं. सासूबाईंनी ते शिपायाच्या हातावर ठेवलं आणि मग माझ्याकडे अशा पाहू लागल्या की मी ओटीवरच्या खांबामागे गेले.

काकू रिकाम्या शेगडीपुढे बसली होती. तिने विचारलं, “काय वाचलंस गं?”

“भागा,” मी म्हटलं.

“कुटल्या बाजूनं?”

मी दाखवलं.

“उलटं धरलंस व्हय?” एवढंच ती म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

फौजदाराची अट सोपी होती. नाणी कुणी आणली त्याचं नाव सांग आणि हत्यारं घेऊन जा. काकूने नाव सांगितलं नाही. डोंगरातल्या गरीब ठाकराच्या घरी शिपाई गेले तर काय होतं ते तिला माहीत होतं. मग कचेरीतला इंग्रजी शिकलेला एक कारकून तिच्या ओट्यावर आला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, “बाई, कशाला स्वतःचा जीव जाळता? म्हणा, नवऱ्याने पाडली असतील. ते बिचारे गेले, त्यांना कोण काय करणार? तुम्ही मोकळ्या.”

मी भिंतीमागे हे ऐकत होते. मला वाटलं, वा, काय सुरेख तोड काढली! आणि मी मान काढून म्हणालेही, “काकू, म्हणा ना तसं.”

काकू कारकुनाला म्हणाली, “माजा मालक सरळ माणूस होता. तो गेला तसाच राहू द्या. त्याच्यावर मी कायबी ठोकायची नाय.” मग माझ्याकडे वळून: “आनि तू डोकं आत घे, नायतर भिंत पडंल.”

चौथ्या दिवशी मामलेदारांपुढे तिला बोलावलं. सासूबाईंनी मला उठवलं. “चल.” मी म्हटलं, “मी कशाला?” “विहिरीवर गेलीस तशी कचेरीवर चल. बोलायला तुला कुणी शिकवायला नको.” आम्ही दोघी डोक्यावरून पदर घेऊन व्हरांड्यात दाराशी उभ्या राहिलो. आत काकू उभी होती.

मामलेदार म्हातारे, चष्म्याचे. त्यांनी आधी चकचकीत नाणं उचललं. “हे तर कालचं पाडलेलं दिसतंय.” मग अक्षरांकडे पाहून म्हणाले, “ही मोडी नव्हे.” माझ्या पायाखालची फरशी तिथेच सरकली. त्यांनी ते इंग्रजी कारकुनाकडे दिलं. त्याने नाणं सरळ धरलं, डोळे बारीक केले. “रावसाहेब, इंग्रजी वाटतं. पी… ए… एन… एन… पान. पान, रावसाहेब.”

“कसलं पान? विड्याचं?”

“पुढचं लागत नाही.”

काकू म्हणाली, “रावसायेब, माजी हत्यारं सोडा. मी दाखवते.”

पोत्याची लाख फोडली. ऐरण कचेरीच्या अंगणात ठेवली, शिपायाने निखारे आणले. मामलेदारांना आता गंमत वाटू लागली होती. त्यांनी खिशातून रुपया काढला. “यावर मारून दाखव.”

काकूने रुपयाकडे पाहिलं, त्यावरच्या राणीकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरली. “राणीसायबाच्या तोंडावर मारू? मग खरंच आत घालाल की!”

व्हरांडाभर हशा पिकला. फौजदारही हसला, मग आपण फौजदार आहोत हे आठवून थांबला.

तिने आपल्याच सामानातला चांदीचा एक चपटा तुकडा घेतला. तापवला, त्यावर फुलाचा ठसा धरून एक ठोका दिला. फूल उमटलं. पुन्हा लाल केला, सूर्याचा ठसा धरला आणि दुसरा ठोका. मग तुकडा पाण्यात बुडवून, सगळ्यांबरोबर आत येऊन तिने तो मामलेदारांच्या मेजावर ठेवला. सूर्य वर बसला होता, आणि त्याच्या किरणांमधून फुलाच्या दोन पाकळ्या डोकावत होत्या.

“हा दुसरा छाप,” ती म्हणाली. “आता गाडग्यातलं नाणं बगा. घासलेलं नको, कळकट घ्या. राजाचं नाक झिजलंय का नाय? आनि डोंगुर? त्योबी तेवढाच झिजलाय. मी मारला असता तर नाक जुनं आनि डोंगुर नवा दिसला असता. आनि ह्यो हिरवा गंज. नाकावर हाय आनि डोंगराच्या खाचंतबी हाय. दोनी छाप मारून झाल्यावर ह्ये जमिनीत गेलंय, रावसायेब, आनि माज्या आज्याच्या आज्याच्याबी आदी गेलंय. आनि मला खोटंच करायचं असंल तर बाजारात चालंल असं करीन. ह्ये घेऊन मला कोन मीठ दील?”

मामलेदारांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. दोन कळकट नाणी आणि तिचा तुकडा शेजारी शेजारी ठेवून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग चकचकीत नाणं उचललं. “आणि हे?”

काकूने दाराकडे पाहिलंही नाही. सासूबाईंनी मात्र मला पाठीत असा ढोसा दिला की मी उंबऱ्याच्या आत पोचले.

“मी,” मी पदराआडून म्हणाले.

“तुम्ही काय?”

“चिंचेनं.”

“काय चिंचेनं?”

“आणि राखेनं. घासलं. आणि उलटं वाचलं. आणि विहिरीवर सांगितलं.” विद्वान स्त्रीचं कचेरीतलं हे पहिलं आणि शेवटचं भाषण. या वेळी हशा इतका मोठा झाला की बाहेरची बैलं दचकली. त्या हशात काकू सामील नव्हती. ती ठसे फडक्याने पुसत होती.

मामलेदार म्हणाले, हे गाडगं मुंबईला जाणत्या लोकांकडे पाठवतो. उत्तर येईपर्यंत हत्यारं इथेच राहतील. आणि गाडगं ज्याला सापडलं त्याचं नाव कागदावर लागेलच.

“आदी शब्द द्या, त्याला कोन हात लावायचा नाय.”

“सरकारला अट घालतेस?”

“सरकारला नाय. तुमाला.”

त्यांनी शब्द दिला. तेव्हा तिने वाळकूचं नाव सांगितलं.

त्यानंतर रोज सकाळी भांडी-बिंडी आटपून काकू कचेरीच्या व्हरांड्यात जाऊन बसे. “आलं का पत्र?” नाही. मग ती दुपारपर्यंत तिथेच. शिपाई वैतागले. एकाने तिला बसायला गोणपाट दिलं, पुढे दुसऱ्याने घरून पेज आणली. फौजदार मागच्या दाराने येऊ-जाऊ लागला. घरी रिकामी शेगडी पाहवत नाही म्हणून ती तिथे जाते हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हा मला वाटे, हत्यारांसाठी हटून बसलीय. दोन्ही खरं होतं म्हणा.

पत्र महिन्याने आलं. मामलेदारांनी ते तिला स्वतः वाचून दाखवलं. आम्ही दारातच होतो, कारण सासूबाईंना आता कचेरीची चटक लागली होती. ती अक्षरं ग्रीक लोकांची होती. समुद्रापलीकडून आलेल्या यवन व्यापाऱ्यांची आणि राजांची लिपी. आपल्याकडच्या एका क्षत्रप राजाने ती आपल्या मुखवट्याभोवती घातली. पुढे दुसऱ्या, सातवाहन राजाने त्याचा पाडाव केला, आणि त्याची चांदी न वितळवता तिच्यावर आपला डोंगर ठोकला. पत्रात असंही होतं की खुद्द ग्रीकांच्या गावांतही हीच चाल होती. एका शहराचं रुप्याचं नाणं दुसऱ्या शहराच्या हाती पडलं की ते तापवायचं आणि आपला ठसा मारून चालू करायचं. आणि वरच्या ठशाखाली आधीच्याचं कासव नाहीतर घोडा अजून दिसतो.

“वितळवायला वेळ नसेल,” मामलेदार म्हणाले. “घाई असेल लढाईची.”

“घाई नाय, रावसायेब,” काकू म्हणाली. “वितळवलं असतं तर आपुन कुणाला हरवलं ते लोकांना कसं दिसलं असतं? नाक मुद्दाम ठेवलंय त्यानं.”

मामलेदारांनी दौतीत टाक बुडवला आणि पत्राच्या कडेला काहीतरी टिपून घेतलं. काय ते मला वाचता आलं नाही. मी प्रयत्नही केला नाही.

हत्यारं मिळाली. गाडगं सरकारात राहिलं. पण बाजार काकूकडे फिरकेना. कचेरीत गेलेली बाई, पोलिसांनी नेलेल्या हातोड्या. लोक समोरच्या अंगाने चालू लागले. ती रोज सकाळी शेगडी पेटवायची, फुंकायची, आणि मुशीत घालायला काही नसताना संध्याकाळपर्यंत निखारे राखायची. मी भिंतीवरून विचारलं, “काकू, कोळसा उगाच का जाळता?” तर म्हणाली, “गिऱ्हाइकाला थंड शेगडी दिसू नये.”

याच सुमाराला आमच्या ह्यांची खोपोलीला बदली झाली. सामानाची गाडी दारात उभी होती. सासूबाई पाटा-वरवंट्यापासून सगळं मोजत होत्या. तेवढ्यात त्या इंग्रजी कारकुनाची बायको काकूच्या पडवीशी आली. हातात जाड पैंजण, एकाची कडी निखळलेली. बाजारातलं पहिलं गिऱ्हाईक. दुकानादुकानातून डोकी बाहेर आली. काकूचे दोन्ही हात रिकामे होते, निखारे लाल होते.

“काकू, एवढी कडी जोडून द्या.”

“बसा. आज नंबर हाय.”

त्या बाईने इकडे तिकडे पाहिलं. पडवीत मांजरसुद्धा नव्हतं. “कुणाचा?”

“कमळी ठाकरीन. लेकीचं वाळं. चांदी माजी घालतेय.”

“पण ती कुठाय?”

“भ्याली हाय. शिपायांना. पन मी निरोप धाडलाय काल.”

“आणि आज नाही आली तर?”

“मग उद्या तिचाच नंबर.”

“अहो, पण ठाकूरवाडीहून यायला किती वेळ लागायचा?”

“दोन कोस. उतार हाय,” काकू म्हणाली आणि फुंकणी तोंडाला लावली.

कारकुनाची बायको जराशी उभी राहिली. बाजार पाहत होता. मग तिने लुगडं आवरलं आणि पैंजण मांडीवर घेऊन पायरीवर बसली. आमची गाडी हलली. कमळी त्या दिवशी आली की नाही ते मला कधी कळलं नाही. वळणापर्यंत मी मागे वळून पाहत होते, तर त्या दोघी कोंडाण्याच्या वाटेकडे तोंड करून बसलेल्या होत्या, आणि काकूचा उजवा गाल फुगत होता, बसत होता.